गोदूआत्याने लावलेलं टीव्हीतलं लग्न

मु. खारढेप, ता. पेण

तीर्थस्वरूप दत्तात्रेय दाजी यांच्या सेवेशी,

धाकटा मेहुणा नामा याचा वाकून नमस्कार. आम्ही इकडे जेवतो-खातो आहोत, म्हणजे तब्येती बऱ्या आहेत असं धरून चालावं. तुमच्या कंबरेचं कसं काय? क्रांतीताई म्हणाली की आता तुम्ही कुणाचा हात न धरता मोरीपर्यंत जाता. ऐकून जिवाला बरं वाटलं. तेलाची बाटली सोबत पाठवतोय, ती चोळून घ्यावी. (पिऊ नये. मागच्या वेळी तुम्ही काढा समजून दोन चमचे घेतलं होतंत.) पत्र कशाला लिहिलं असं वाटेल, पण फोन केला की तुमच्याकडे लगेच ‘शॉट लागला’ म्हणून फोन बंद होतो. परवा तर तुम्ही घरी अंथरुणात असतानाही शॉट लागला. तो कसा, ते मी विचारत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर मी बोलून पाठवलेले निरोप तुम्ही अर्धेच ऐकता, हे ताईनेच सांगितलं. पत्र निदान उशाशी राहतं.

मुद्दा आधी सांगतो, कारण माझं बोलणं लांबतं असा घरात बोभाटा आहे. माझ्या प्राप्तीचं लग्न वैशाखात ठरलंय, मुलगा वडखळकडचा गणराज, हे तुम्हाला ठाऊकच आहे. नवीन गोष्ट अशी की गोदूआत्याने त्या लग्नात धवले म्हणणार नाही असं जाहीर केलं आहे. मला एकट्याला नाही, गावकीच्या बैठकीत, सगळ्यांदेखत. आता आमच्या गावात लग्न लावते ती धवलारीण. तिने धवले गाऊन गावदेवापासून गेलेल्या आज्या-पणज्यांपर्यंत सगळ्यांना नावानिशी आवतण द्यायचं, तांदूळ मांडायचे, नवरा-नवरीला हळदीपासून अक्षतांपर्यंत न्यायचं, तेव्हा कुठे लग्न लागलं म्हणतात. आणि धवलारीण म्हणजे आमच्याकडे एकच, माझी सख्खी आत्या. त्यात प्राप्ती म्हणते की आजी गाणार नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही. नवी मुंबईत एसी ऑफिसात बसते, स्कूटर चालवते, होणाऱ्या नवऱ्याशी इंग्रजीत भांडते, आणि इथे मात्र आत्याची नात शोभते. मांडवाची ऑर्डर गेलीय, जेवणाचा आचारी ठरलाय, आणि नवरी घरात बसून आहे. माझी झोप उडाली आहे.

हे सगळं झालं कशामुळे? ‘खाडीपल्याड’मुळे. म्हणजे तुमच्या मालिकेमुळे. तुम्ही म्हणाल, मी मालिकेतला फक्त व्हॅनिटी व्हॅनचा ड्रायव्हर. खरं आहे, पण आमच्या गावात टीव्हीच्या लाईनीत तुमच्यापेक्षा वर पोचलेला माणूस नाही, तेव्हा जबाबदारी तुमच्याकडेच येते.

आधी हक्काची गोष्ट स्पष्ट करतो. ‘खाडीपल्याड’ हे नाव माझं. माझ्या ‘दर्यानाद बँजो पार्टी’ने त्या नावाचं हळदीचं गाणं काढलं, ते पेनड्राइव्हवरून उरणपासून रेवदंड्यापर्यंत वाजलं, यूट्यूबवर लोकांनी त्याखाली हृदयाची चित्रं टाकली. एकही हळद अशी गेली नाही की ज्यात लोकांनी ‘खाडीपल्याड’ परत मागितलं नाही. (आत्याच्या एका धवल्याचं नावही ‘खाडीपल्याड’ आहे, नवरीला होडीतून पलीकडच्या गावी नेतात त्याचा. माझ्या गाण्याची चाल जराशी त्याच्यावर आहे. शब्दही थोडे आहेत. बाकी सगळं माझं.) आणि मग गेल्या दिवाळीत टीव्हीवर मालिका आली, तिचं नाव ‘खाडीपल्याड’. खाडी दाखवलीय ती एका दृश्यात, तीही बोटीतून, बाकी सगळा वेळ एक सासू जिना उतरत असते. मालिकेला शीर्षकगीतही आहे, व्हायोलिनवालं. तेव्हापासून माझी पार्टी कुठेही गेली की लोक म्हणतात, ‘खाडीपल्याड’ वाजवा. मी माझं वाजवतो. ते म्हणतात, हे नाही हो, खरं वाजवा, मालिकेतलं. थळला एका हळदीत नवऱ्याच्या मामाने तर माझ्या हातातून माइक घेऊन पोरांना सांगितलं की यांना येत नसेल तर मोबाइलवर लावा. दाजी, तिसेक वर्षं बँजो वाजवतोय. त्या रात्री मी जेवलो नाही. (नंतर घरी येऊन जेवलो, पण तिथे नाही.)

म्हणून मी तुमच्याकडे गाऱ्हाणं घातलं, आणि तुम्ही मोठ्या मनाने म्हणालात की भांडू नका, किहीमच्या बंगल्यात मालिकेतलं लग्न शूट होतंय, आगरी पद्धतीचं, त्यांना बँजोवाले आणि धवलारीण पाहिजेत; तुम्ही सगळे या, मी दिग्दर्शकाची गाठ घालून देतो. आणि ऐन त्या सकाळी तुमची कंबर धरली. कंबरेला दोष देत नाही. पण तुम्ही तिथे असतात तर पुढचं घडलं नसतं असं आमच्या हिचं मत आहे, आणि माझंही.

किहीमला पोचल्यावर पहिला धक्का कपड्यांचा. दिग्दर्शक म्हणजे प्रज्योत नावाचा एक मुलगा, कानात बाळी, पायात काहीच नाही. त्याने आम्हा सगळ्यांना कोळ्यांच्या लाल टोप्या दिल्या. मी सांगितलं, आम्ही मिठागरवाले, भातवाले, आमच्या सात पिढ्यांत कुणी ही टोपी घातली नाही. तो म्हणाला, काका, कॅमेऱ्यात कळत नाही. घातली. मग आत्याला मेकअपवाल्याने खुर्चीत बसवलं आणि तिच्या तोंडावर पेन्सिलीने सुरकुत्या काढायला लागला. आत्या सत्तरीच्या पुढे आहे. तिने आरशात बघितलं आणि त्याला शांतपणे विचारलं, बाला, या कोनाच्या? तो बिचारा पेन्सिल ठेवून चहा प्यायला गेला.

दुसरा धक्का सामानाचा. आत्याने तांदूळ मागितले, आले. नारळ मागितला, तर थर्माकोलचा आणला. सुपाऱ्या लाकडाच्या. आत्याने पदर खोचला आणि सांगून टाकलं की देवाला लाकूड चावायला लावायचं असेल तर दुसरी बाई बघा. मग एक माणूस बाईकवरून अलिबागला पिटाळला. तो येईपर्यंत सगळ्यांचे पोहे खाऊन झाले. आत्याने खाल्ले नाहीत, कारण लग्न लावेपर्यंत ती पाण्याशिवाय काही घेत नाही. मी म्हटलं, आत्या, हे खोटं आहे, खा. ती म्हणाली, तांदूळ खरे हायत ना? तिथेच मी शहाण्यासारखं तिला घरी आणायला पाहिजे होतं. पण मला दिग्दर्शकाशी नावाबद्दल बोलायचं होतं.

तिसरा धक्का मात्र माझा एकट्याचा. सगळे जागेवर उभे राहिले, नवरा शौनक आणि नवरी ऋजुता (ही मालिकेतली नावं, खरी नावं तेव्हा मलाही माहीत नव्हती) पाटावर बसले, आणि कमलेश नावाचा आवाजवाला आला. कानाला मोठे गोळे लावलेला, कमी बोलणारा, चिडका माणूस. त्याने मला सांगितलं की बँजो वाजवायचा नाही. नुसते हात हलवायचे. ढोलवाल्यानेही काठी कातड्याच्या वर थांबवायची. संगीत म्हणे मागून घालतात. म्हणजे माझी पार्टी, टीव्हीवर, आणि मुकी! मी बोलायला तोंड उघडलं तर तो ‘शांतता!’ असा ओरडला की बाहेर नारळ उतरवणारा गडी झाडावर थांबला. पंखे बंद केले. जनरेटर लांब नेला. एका बाईच्या बांगड्या काढून घेतल्या. कुत्रं भुंकत होतं, त्याला एका माणसाने बिस्किटं दिली आणि त्याच्याजवळ बसून राहिला. मग कमलेशने आत्याच्या तोंडापुढे काठीवरचा माइक धरला आणि म्हणाला, आई, गा.

आत्या गायला लागली. दिग्दर्शकाला दोन मिनिटांचं पाहिजे होतं. त्याने दोन मिनिटांनी ‘कट’ म्हटलं. आत्याने हाताने त्याला खाली बस असं सांगितलं. आता दाजी, तुम्ही जाणता, धवलारीण एकदा देवांना बोलवायला लागली की मध्ये उठत नाही. बोलावलेल्यांना पानसुपारी देऊन परत पोचवेपर्यंत तिला थांबताच येत नाही. अर्धे देव दारात उभे आणि ही बाई चहाला गेली, असं कसं चालेल? हे मी दिग्दर्शकाला सांगायला गेलो, तर कमलेशने माझ्याकडे असं बघितलं की मी हात हलवत राहिलो. आत्याने गावदेव बोलावला, खाडीवरची माउली बोलावली, माझ्या आजीला बोलावलं, शौनकचे पूर्वज तिला ठाऊक नव्हते तर ‘याचे जे कोन असतील ते’ म्हणून त्यांनाही बोलावलं. आणि मग तिने ‘खाडीपल्याड’ घेतलं. ते पूर्ण कडव्यांचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं असं नाही. पण शेवटची कडवी माझ्या लक्षात नव्हती, एवढं खरं. त्यात होडी अर्ध्या खाडीत येते तेव्हा नवरी मागे वळून आईच्या घरातला दिवा शोधते, आणि होडीवाला वल्हं थांबवतो. ऋजुताबाई रडायला लागल्या. त्यांना रडू यावं म्हणून डोळ्यांत घालायचं औषध घेऊन उभी असलेली मुलगीही रडायला लागली. शौनकच्या पायाला मुंग्या आल्या तरी तो हलला नाही. अक्षता पडल्या, आत्याने देवांना निरोप दिला, गूळ तोंडात टाकला आणि पाणी मागितलं.

दिग्दर्शक म्हणाला, अप्रतिम, आता दुसऱ्या बाजूने एकदा घेऊ. आत्याने विचारलं, काय घेऊ? तो म्हणाला, लग्न. ती म्हणाली, ते झालं. त्याने समजावलं, तिच्या पाया पडला, मोसंबीचा रस आणला. ती म्हणाली, लागलेलं लगीन परत कसं लावू, देव काय रिकामे हायत? आणि टेम्पोत जाऊन बसली. नावाबद्दल बोलायचं माझं राहूनच गेलं, कारण दिग्दर्शक तोवर झाडाखाली डोकं धरून बसला होता.

महिन्याने ते लग्न टीव्हीवर लागलं. सगळा गाव आमच्या ओटीवर. आत्या ओठ हलवताना दिसली आणि वर वाजत होतं व्हायोलिनवालं शीर्षकगीत. माझी पार्टी लाल टोप्यांत क्षणभर दिसली, तीही कोपरापासून खाली. मी तर टीव्ही बंद करायला उठलो होतो. आत्याला मात्र काही वाटलं नाही. तिने नवरा-नवरीची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या घरी ऋजुताबाईंसाठी सोडे आणि सुकट पाठवली, माहेरची म्हणून. (पोचवलीत ना? ताईच्या घरी सोड्यांची आमटी झाली असं कानावर आलंय.)

इथवर सगळं आनंदात होतं. मग मालिकेत शौनकची पहिली बायको पुण्याहून आली आणि घटस्फोटाचे कागद निघाले. आत्याने त्या रात्री ताट बाजूला सारलं. म्हणाली, मी लावलेलं लगीन आजवर मोडलं न्हाय. हे मोडलं तर मी परत कंदी धवला म्हननार न्हाय. आम्हाला वाटलं चार दिवसांनी उतरेल. गावकीची बैठक होईपर्यंत उतरलं नाही, आणि पुढचं मी वर लिहिलंच आहे.

आम्ही समजावण्यात कसूर केली नाही. मी म्हटलं, ते खोटं लग्न. ती म्हणाली, अक्षता खऱ्या व्हत्या. मी म्हटलं, नावंसुद्धा खोटी. ती म्हणाली, देव काय आधार कार्ड बघतो व्हय? शेवटी मी अक्कल लढवली आणि मोबाइलवर शोधून तिला दाखवलं की ऋजुताबाईंना खऱ्या आयुष्यात पार्ल्याला चांगला नवरा आहे. ही माझी चूक झाली. तिसऱ्या दिवशी आत्या म्हणाली की म्हणजे आता दोन संसार मोडतायत. मी मोबाइल देव्हाऱ्याच्या मागे ठेवून दिला. पेणच्या धवलारणीकडे जाऊन हातापाया पडलो, तर ती म्हणाली, गोदू जिवंत असताना मी तिच्या घरच्या मांडवात पाय ठेवणार नाही, आणि मला नारळ देऊन वाटेला लावलं. भटजी बोलवावा म्हटलं तर प्राप्तीने खोलीचं दार लावून घेतलं. गणराज गुणी मुलगा आहे, तो म्हणाला, मामा, घाई नाही. पण त्याच्या आईला घाई आहे, आणि तिचं बरोबर आहे.

असो. तुमची कंबर दुखत असताना एवढं वाचायला लावलं, राग नसावा. ताईला नमस्कार सांगावा, औषधं वेळेवर घ्यावीत, वाकून टायर बघू नये.

आपला,
नामा

ता. क. — एक बारीकसं काम होतं. मालिका लिहिणारे जे कुणी आहेत ते तुमच्या व्हॅनमध्ये चहा पितात असं तुम्ही एकदा म्हणाला होतात. त्यांना सांगून तो घटस्फोट वैशाखापर्यंत थांबवता येईल का? पहिल्या बायकोला विस्मरण झालं म्हणावं, नाहीतर अपघात करावा, ते जाणोत. प्राप्तीच्या अक्षता पडल्या की मग त्यांनी कागद फाडावेत नाहीतर सही करावी, आमची काही हरकत नाही. नावाचा हक्कही मी सोडतो.

ता. क. २ — वरचं काम करू नये. पाकीट चिकटवायला डिंक शोधत होतो, तेवढ्यात प्राप्ती आत्याशी बोलून आली. ती सांगते, आत्याला टीव्ही कळतो. आपल्यापेक्षा जास्त कळतो. पुण्याची बायको येणार हे तिने आधीच ओळखलं होतं. मग प्राप्तीने विचारलं की टीव्हीतलं लग्न मोडलं तर तुझं काय जातं. आत्या म्हणाली, बाय, मी आवतन द्याया बसली का तुझ्या बापसाचा बेंजो सुरू व्हतो. ‘खाडीपल्याड’ घेतलं का पोरं नाचाया उठतात, मना माझाच आवाज आयकू येत न्हाय. देवांना तरी काय आयकू येनार? इतकी लगनं लावली, पन मानसं गप बसली ती त्या एकाच लगनाला. ते मोडलं तर माझं एक बी न्हाय उरत.

मी म्हटलं, मग हे मला कधी का नाही सांगितलं? प्राप्ती म्हणाली, सांगितलं असेल, बाबा, तुम्ही वाजवत असाल.

ता. क. ३ — तेव्हा लिहिणाऱ्यांना त्रास देऊ नये. तुम्ही फक्त त्या कमलेशला लग्नाला घेऊन या. मांडव्याला बोटीतून उतरलात की माझ्या पार्टीतला विपुल टेम्पो घेऊन उभा असेल. माइक नको, कानाचे गोळे नकोत, नुसता तो माणूस पाहिजे. आत्या गायला बसली की त्याने मांडवात उभं राहून एकदा ओरडायचं, आणि मग माझ्यावर नजर ठेवायची, कारण माझा मला भरवसा नाही. आत्याला विचारलं, असं चालेल का. तिने तांदूळ निवडायला घेतलेत.

आणखी एक. ही चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. तिने विचारलं, म्हणजे आपलं लागलंय की नाही? आमचंही लग्न आत्यानेच लावलं होतं, माझीच पार्टी होती, आणि मी बाशिंग बांधूनच उठून दोन गाणी वाजवली होती. मी म्हटलं, अगं, एवढी वर्षं झाली. ती म्हणाली, मी लग्न कधी झालं ते विचारत नाही, लागलं का ते विचारतेय. तर दाजी, कमलेशला एक दिवस आधीच आणावं. हिने पेटीतून हिरवी साडी काढून उन्हात टाकली आहे.